परबांना घाई नव्हती

गेल्या रविवारी चेंबूर स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी एक दोनशे पानी लांब वही आणि पेन्सिलींचं एक पाकीट घेतलं. दुकानदाराने सहज विचारलं, "कितवीत आहे मुलगा?" मी म्हटलं, "आठवीत." मला मुलगा नाही. लग्नच केलेलं नाही तर मुलगा कुठून येणार. वय चव्वेचाळीस, सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं झालेली, आणि ही वही स्वतःसाठी घेतेय हे त्या अनोळखी माणसाला सांगायची लाज वाटली, म्हणून उभ्या उभ्या एक अख्खा मुलगा जन्माला घातला. घरी येईपर्यंत परब डोक्यातून जाईनात. माझ्या जागी ते असते तर काउंटरवर सरळ म्हणाले असते, "माझ्यासाठी." आणि वर, "जरा गडद रेघांची दाखवा, चष्मा लागलाय."

सुरेश परब. अंधेरीला एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत आमची कंपनी होती. औषधांच्या होलसेल व्यापाऱ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. गोडाऊनमध्ये कुठलं औषध किती आहे, कुठलं परत आलं, कुठल्याची तारीख संपत आली, असलं सगळं. मी तिथे पंधरा वर्षं काढली, त्यातली बहुतेक परबांच्या शेजारच्या खुर्चीत. मूळ माणूस मालवणकडचा, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड मुलुंडला आलं. बोलणं मुंबईचंच, पण फार खूश झाले किंवा फार वैतागले की मालवणी बाहेर यायची. बेपत्ता झालेल्या आकड्याला ते स्क्रीनकडे बघून "खंय गेलंस मेल्या?" असं विचारायचे, आणि तो सापडला की त्यालाच "इलंस?" म्हणायचे. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे. परब सगळ्यांना आडनावाने. मी कांबळे. पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'सुजाता' ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर घाबरले असते.

त्यांच्या टेबलावर कायम एक लांब वही असायची आणि ब्लेडने टोक केलेली पेन्सिल. काही बिघडलं की आम्ही सगळे कीबोर्डवर तुटून पडायचो. परब खुर्ची मागे सरकवायचे, हाताची घडी घालायचे आणि दहा मिनिटं नुसते बघत बसायचे. नवा मॅनेजर आला की त्याला वाटायचं हा माणूस झोपलाय. "आधी बघूया, मग हात लावूया," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली कुकरची शिट्टी अडकली तरी तेच आठवतं. दहा मिनिटांनी वहीत दोन-चार चौकोन, दोन-चार बाण काढायचे, आणि मग ज्याच्याकडे बिघडलंय त्याला फोन लावायचे. "जेवलात काय?" इथून सुरुवात. जेवणावरून गोडाऊन, गोडाऊनवरून कॉम्प्युटर. गिऱ्हाईक आधी शिव्या द्यायचं, मग गप्पा मारायचं, आणि गप्पांत कुठेतरी परबांना हवं ते सांगून मोकळं व्हायचं.

मला नोकरी त्यांनी दिली. म्हणजे कागदावर सही दुसऱ्याची होती, पण दिली त्यांनी. मी गोवंडीची. डिग्री घेतली होती, पण घरात आणि गल्लीत इंग्रजी बोलायला होतं कोण? मुलाखतीला एका साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझी बोबडी वळली. येत होतं तेही आठवेना. साहेब फाईल मिटणार तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले परब म्हणाले, "हिला जरा मी घेऊन जातो." बाजूच्या खोलीत नेऊन त्यांनी माझ्यापुढे प्रोग्रामची छापलेली दोन पानं ठेवली. "ह्यात एक चूक आहे. आम्हाला सापडायला दिवस लागला. तू बघ. मी चहा सांगून येतो. मला घाई नाही."

आले ते पाऊण तासाने. मला चूक सापडली नव्हती. एका ओळीला गोल करून बाजूला 'इथे शंका' एवढं लिहिलं होतं. त्यांनी बघितलं, विचारलं, "का?" मी मराठीत सांगितलं. त्यांनी चहाचा गार झालेला ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पानं घेऊन गेले. पुढच्या सोमवारी मी कामावर रुजू झाले. बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, चहा सांगायला पाऊण तास लागतो का हो? म्हणाले, "खाली टपरीवर उभा होतो गो. माणूस समोर बघत बसला की दुसऱ्याचं डोकं बंद पडतं. आपलं पण पडतं." तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

त्यांच्या कामाचं एकच उदाहरण सांगते. घाटकोपरला दिनेशभाई म्हणून एक औषधांचे व्यापारी होते. त्यांच्याकडे परत आलेला माल अधूनमधून दुप्पट दिसायचा. दहा खोके परत आले की स्क्रीनवर वीस. आमच्यातल्या तिघांनी आठवडाभर कोड उपसला, काही मिळेना. परब एक दिवस उठले आणि दिनेशभाईंच्या गोडाऊनमध्ये जाऊन एका स्टुलावर बसले. दुपारपर्यंत नुसते बसले. तर झालं असं की तिथला कॉम्प्युटर जुना, बटण दाबल्यावर पंधराएक सेकंद स्क्रीन ढिम्म हलायची नाही. माल घेणाऱ्या माणसाला वाटायचं दाबलंच गेलं नाही, तो परत दाबायचा. "कोड बरोबर होता, माणूस पण बरोबर होता, मधले पंधरा सेकंद चुकीचे होते," परब परत येऊन म्हणाले. दुसऱ्यांदा दाबलेलं बटण धरायचं नाही, एवढ्या तीन ओळींत काम झालं. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, दोष दिनेशभाईंच्या माणसाने दाखवला. त्या माणसाला पत्ताही नसेल की त्याने काही दाखवलं.

हे 'माझं नाही' प्रकरण त्यांच्यात फार होतं. एकदा बाहेरून मोठे पाहुणे आले होते. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर परबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सॉफ्टवेअरमधला स्टॉकचा भाग ह्यांनी लिहिलाय म्हणून कौतुक सुरू केलं. परब उभे राहिले. "ते माझं नाही. ते नोकरी सोडून गेलेल्या मिश्राचं आहे. मी फक्त सांभाळतो." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या वर्षी त्यांचं प्रमोशन हुकलं ते ह्याच्यामुळे, असं मी आजही म्हणेन. ते म्हणायचे तसं काही नाही. मी त्यांना त्या दिवशी तोंडावर म्हटलं होतं, "परब, तुम्ही हुशार आहात पण तुम्हाला अक्कल नाही." त्यांनी डबा उघडला, बांगड्याचं तिखलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "खा."

मग मी मालाडला दुसऱ्या कंपनीत गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अंधेरीचं ऑफिस बंद झालं. काम दुसऱ्या शहरात हलवलं, जुन्या लोकांना हातात पत्र दिलं. परब तेव्हा बावन्न वर्षांचे होते. मुलगी श्रावणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला वाटलं, ह्या माणसाला कोणीही उचलेल. मलाच कळत नव्हतं की जग कुठे जाऊन पोचलंय.

कारण आता मुलाखतीला गेलं की पहिल्यांदा कोडी घालतात. तुम्ही आधी काय केलंत हे नंतर. आकड्यांची एक रांग देतात, त्यातले सलग कुठले घेतले तर बेरीज सर्वांत मोठी येईल ते सांगा. शहरं आणि रस्ते देतात, कमीत कमी वेळात कसं पोचाल ते सांगा. पस्तीस-चाळीस मिनिटं, समोर कोणीतरी तुमच्याकडे बघत बसलेला, आणि तुम्ही बोलत बोलत सोडवायचं. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं अशी पाचशे कोडी घोटून आलेली असतात. रोजच्या कामात ह्यातलं काय लागतं म्हणाल तर, वीस वर्षांत मला दोनदा लागलं असेल, आणि दोन्ही वेळा पुस्तकात बघितलं.

परब पहिल्या तीन ठिकाणी पडले. पुढे किती ठिकाणी गेले ते त्यांनी सांगितलं नाही. मी घरी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "ते अभ्यासिकेत गेलेत."

मला वाटलं चुकून ऐकलं. मुलुंड पूर्वेला एका गणेशोत्सव मंडळाची व्यायामशाळा आहे, तिच्या वरच्या मजल्यावर ही अभ्यासिका. सरकारी परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे बसतात, कारण घरात अभ्यासाला जागा नसते. मी एका शनिवारी सकाळी गेले. ट्यूबलाईट, लाकडी फळ्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मान खाली घातलेली, आणि खालून कोणीतरी वजनं आपटल्याचा आवाज. भिंतीकडच्या शेवटच्या कप्प्यात परब. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, लांब वही, पेन्सिल, आणि समोर गजराचं एक छोटं घड्याळ. सकाळी सातला यायचे, अकराला घरी जायचे. ऑफिसला जायच्या वेळेलाच घरातून निघायचं, म्हणजे सवय मोडत नाही म्हणे. बाहेर जिन्यात येऊन ते माझ्याशी बोलले, हळू आवाजात.

"घड्याळ कशाला?" मी विचारलं.

"श्रावणीने दिलंय. तीच पेपर काढते. तिची पण कॉलेजातून निवड व्हायची आहे ना, दोघांचा अभ्यास एकच." हे सांगताना ते हसत होते. "ती पस्तीस मिनिटांत तीन करते. मी एक. कधी अर्धं."

मला राग आला. कोणावर ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "परब, हा सगळा तमाशा आहे. तुम्ही आयुष्यभर जे केलंत त्याचं काहीच नाही का?"

"तसं नाही गो. त्यांच्या दारात रोज ढीगभर माणसं येतात. गाळणी लावणारच. आणि कोडी वाईट नाहीत. मला सोडवायला आवडतात. रविवारी घड्याळ न लावता बसलो तर होतात पण." मग म्हणाले, "घड्याळ लावलं की मी मी राहत नाही, एवढंच." मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे जागा आहे, मी तुमचं नाव देते.

दिलं. आमच्याकडेही पहिली फेरी कोड्यांची, आणि ती घेणार होता अनिकेत. सव्वीस वर्षांचा, हुशार, मनाने चांगला मुलगा. तो अनुभवी लोकांना कुठलं कोडं घालतो ते आमच्या टीमला ठाऊक होतं. चौकटींचा एक नकाशा, काही घरं पाणी, काही जमीन, त्यात बेटं किती ते मोजायचं. आदल्या दिवशी सकाळी मी परबांना फोन केला.

"परब, बेटांचं करून जा. अनिकेत तेच विचारतो."

तिकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "मालवणच्या माणसाला बेटं मोजायला लावतात काय? बरं." आणि फोन ठेवला. मला जे करायचं होतं ते मी केलं होतं. चुकीचं केलं हे कळत होतं, आणि परत तसा प्रसंग आला तर परत करीन. मला ज्याने चहाच्या निमित्ताने पाऊण तास दिला होता, त्याला मी एक कोडं देत होते. हिशेब मला तेवढाच दिसत होता.

मुलाखत व्हिडिओवर झाली. संपल्यावर अनिकेत माझ्या टेबलाशी आला, जरा गोंधळलेला. म्हणाला, "मॅडम, तुमचे सर फार वेगळे आहेत. मी बेटांचं कोडं घातलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, आधी पाहिलंय का? ते म्हणाले, हो, पाहिलंय, काल तीनदा सोडवलंय, दुसरं द्या."

"मग?"

"मग दुसरं दिलं. कमी-जास्त उंचीच्या भिंती आहेत, त्यांच्यामध्ये पावसाचं पाणी किती साठेल. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, पाणी जायला गटार आहे का?"

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, नाही सर, गटार धरायचं नाही. ते म्हणाले, मग हे कोण वापरणार? मी म्हटलं, सर, वेळ जातोय. त्यानंतर ते चौकोन काढत राहिले. शेवटी रस्ता बरोबर धरला होता, पण वेळ संपला." तो खरंच वाईट वाटून बोलत होता. त्याने जो फॉर्म भरला त्यात परबांच्या नावापुढे 'कम्युनिकेशन: उत्तम' आणि 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग: कच्चं' असं होतं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसरं काही केलं नाही, त्याच्यापुढे कच्चं. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. त्यानंतर तिथूनच परबांना फोन लावला आणि वाटेल तसं बोलले.

"तुम्हाला काय पडलं होतं? गप्प बसून सोडवायचं होतं. सगळे तेच करतात. पाहिलेलं असतं आणि नाही म्हणतात."

"करत असतील."

"श्रावणीचा तरी विचार करायचा."

"तिचाच केला. तिने विचारलं असतं, बाबा, कुठलं आलं? काय सांगणार होतो?" मग ते म्हणाले, "आणि कांबळे, पास झालो असतो तर तुझ्याच शेजारी बसायचं होतं ना रोज? रोज तुझ्याकडे बघितलं की मला ती बेटं दिसली असती. ते नको."

मी फोन कापला. पुढे सहा-सात महिने मी त्यांना फोन केला नाही. लोकांना सांगायचे परब हट्टी आहेत, जगायला नालायक आहेत. खरी गोष्ट अशी की मला शरम वाटत होती. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि मी देऊ केलेली वस्तू तशीच्या तशी परत केली. अशा माणसावर रागावणं सोपं असतं, म्हणून मी रागावले.

मधल्या काळात कानावर आलं की दिनेशभाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ऑफिस बंद झाल्यापासून त्यांच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नव्हता. तर परब आता दुपारी बारा ते सहा घाटकोपरच्या त्या गोडाऊनमध्ये बसतात, खोक्यांच्या मध्ये टेबल टाकून. दिनेशभाईंनी कोडं घातलं नाही. पगार अंधेरीच्या निम्म्याहून कमी, पण "जेवलात काय?" विचारायला फोन लावावा लागत नाही, असं ते वहिनींना म्हणाले. श्रावणीला कॉलेजातूनच नोकरी लागली. परब मात्र सकाळी सात ते अकरा अजूनही अभ्यासिकेत जातात. एक-दोन ठिकाणांहून बोलावणं येईल म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे गं, येईल न येईल."

आणि मग ह्या महिन्यात आमच्या मालाडच्या ऑफिसात पत्रं वाटली. सकाळी अकरा वाजता एकेकाला आत बोलावलं, दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत आमची टीम उरली नव्हती. अनिकेतचंही गेलं. त्याला आठ दिवसांत तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. मला एका ठिकाणाहून आलं, तेही फोनवर आधीच सांगितलं, मॅडम, पहिली फेरी अल्गोरिदमची, म्हणजे कोड्यांचीच. घरात आई आहे, तिच्या औषधपाण्याचं माझ्यावर. म्हणून ती वही. म्हणून तो आठवीतला मुलगा.

सोमवारी सकाळी मी मुलुंडला गेले. का गेले विचाराल तर चेंबूरला काय अभ्यासिका नाहीत? आहेत. भिंतीकडच्या शेवटच्या कप्प्यात परब होतेच. केस पार पांढरे झालेत, चष्म्याची काच जाड झालीय. त्यांनी मान वर केली, आधी मला बघितलं, मग माझ्या हातातली वही बघितली. बाकी काही विचारलं नाही. बाजूच्या कप्प्यातली स्वतःची पिशवी उचलून खाली ठेवली.

मी बसले. तोंड उघडलं, माफी मागायची होती, सात महिन्यांची. त्यांनी बोट ओठांवर ठेवून आजूबाजूच्या मुलांकडे खूण केली. मग त्यांच्या वहीतलं एक पान टरकन फाडून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर त्यांच्या अक्षरात एक कोडं होतं, कमी-जास्त उंचीच्या भिंती आणि पावसाचं पाणी. एका भिंतीच्या पायथ्याशी पेन्सिलने छोटं गटारही काढलेलं होतं, मग खोडलेलं.

"सुटतं हे," ते कानाशी येऊन म्हणाले. "मला अकरा दिवस लागले. तू बघ. मी चहा सांगून येतो. मला घाई नाही."

मुलांच्या खुर्च्यांच्या पाठींना हात लावत ते दारापर्यंत गेले, वाकून चपला घातल्या. मी पेन्सिल उचलली आणि मगच माझ्या लक्षात आलं, टेबलावरचं घड्याळ ते जाताना खिशात घालून घेऊन गेले होते.